चोलमंडल कलाग्राम : चित्रकारांनी बाटिक विकून उभी केलेली वसाहत

चेन्नईहून महाबलीपुरमला निघालेले बहुतेक मराठी प्रवासी पूर्व किनारा मार्गावरील इंजंबाक्कम ओलांडताना गाडी थांबवत नाहीत. तेथील चोलमंडल कलाग्रामातील संग्रहालय, कलादालन आणि शिल्पोद्यान ही तीनही ठिकाणे पाहण्याजोगी आहेत. मात्र ही वसाहत कशी उभी राहिली हे ठाऊक नसेल, तर तेथील निम्मी गोष्ट नजरेतून निसटते.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आधुनिक चित्रांना गिऱ्हाईक जवळजवळ नव्हते. शासकीय कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी नोकरी धरावी आणि चित्रकला सुटीच्या दिवसापुरती ठेवावी, असाच तेव्हाचा रिवाज होता. महाविद्यालयाचे प्राचार्य आणि स्वतः मोठे चित्रकार असलेले के. सी. एस. पणिक्कर यांनी विद्यार्थ्यांना व सहकाऱ्यांना एकत्र करून यावर तोड काढली. पोटासाठी बाटिकचे, म्हणजे मेण लावून नक्षी रंगविलेले कापड, चामड्याच्या व धातूच्या वस्तू अशा हस्तकला सर्वांनी मिळून कराव्यात, त्यांची विक्री सामायिक संघटनेमार्फत व्हावी आणि चित्र किंवा शिल्प करताना मात्र बाजाराकडे पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये, अशी ती व्यवस्था होती. या विक्रीच्या बळावर १९६६ साली समुद्राजवळ सुमारे १० एकर जमीन घेण्यात आली आणि तीसेक कलावंतांची वसाहत सरकारी अनुदानाची वाट न पाहता उभी राहिली.

हस्तकला म्हणजे नाइलाजाने पत्करलेली दुय्यम मजुरी, असा समज घेऊन आलेल्या माणसाने मद्रास कलाचळवळीच्या, म्हणजे पणिक्कर आणि त्यांच्याभोवतीच्या आधुनिक कलावंतांच्या, येथील संग्रहालयातील धातुशिल्पांसमोर थोडा अधिक वेळ उभे राहावे. पी. व्ही. जानकीराम यांनी तांब्याचा पत्रा ठोकून घडविलेल्या आकृती आणि पणिक्करांचे चिरंजीव एस. नंदगोपाल यांची समोरून पाहायची, मंदिरातील मूर्तींच्या प्रभावळीची आठवण करून देणारी शिल्पे पाहिली की कारागिराचा हात आणि कलावंताची कल्पना यांना वेगळे काढणे अवघड होते. पोटासाठी हाताशी धरलेल्या साहित्याने कलेलाही काही दिले, हे माझे मत येथेच पक्के झाले. पणिक्करांच्या ‘शब्द आणि चिन्हे’ मालिकेतील चित्रांत अक्षरे, आकडे आणि कुंडलीसारख्या चौकटी दिसतात. त्या वाचण्याचा खटाटोप न करता केवळ पाहाव्यात. मुंबईत जन्मलेले आणि पुढे या वसाहतीचे रहिवासी झालेले जे. सुलतान अली यांची लोककथांतील प्राण्यांनी भरलेली चित्रे आपल्याकडील प्रेक्षकांना विशेष जवळची वाटतील, असा माझा अंदाज आहे.

शिल्पोद्यानाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. झाडांच्या सावलीतील दगडी शिल्पे निवांत फिरत पाहावीत इतकेच. कलादालनात सभासदांच्या कृती विक्रीस असतात. ज्यांना खरोखर चित्र विकत घ्यायचे आहे, त्यांनी घाईने शेवटी न वळता आधी येथेच यावे, कारण संग्रहालय पाहून थकलेले डोळे निवड नीट करू शकत नाहीत.

चित्रकार समोर बसून काम करीत आहेत असे दृश्य पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची मात्र निराशा होईल. ही राहती वस्ती आहे, घरे खाजगी आहेत आणि संस्थापक पिढीतील बरेच जण आता हयात नाहीत. शिवाय हा प्रयोग आज जसाच्या तसा कोठे करता येईल, असे मला वाटत नाही. शहराबाहेरची जमीन तेव्हा कापड विकून घेता आली, आज त्याच रस्त्यावर बांधकाम व्यावसायिकांशी स्पर्धा करावी लागेल. सामायिक विक्री आणि खाजगी निर्मिती ही विभागणी मात्र अजूनही उचलण्यासारखी आहे. कलावंतांचे अनेक गट एकमेकांच्या चित्रांवर मत देऊ लागताच फुटतात, आणि तो धोका या मांडणीत बराच कमी होतो.

संग्रहालय आणि कलादालन मिळून अर्धा दिवस हाताशी ठेवावा. पुढे याच मार्गावर मुट्टुकाडूचे दक्षिणचित्र हे दक्षिण भारतातील जुनी घरे व हस्तकला दाखविणारे संग्रहालय आणि त्यानंतर महाबलीपुरम येते. तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा मोह आवरावा, आणि आवरला नाहीच तर निदान चोलमंडल सकाळी पाहावे.