बाळाचं वजन कमी सांगितलंय, पण कुठल्या चार्टवर? हॅडलॉक, इंटरग्रोथ, डब्ल्यूएचओ आणि ग्रो

समजा 32 आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचं अंदाजे वजन 1600 ग्रॅम आलं. हॅडलॉकच्या चार्टवर त्या आठवड्याची दहावी पर्सेंटाइल (शंभरातली सगळ्यात हलकी दहा बाळं जिच्या खाली येतात ती रेष) साधारण 1621 ग्रॅमला येते, म्हणजे रिपोर्टवर 'एसजीए', वयाच्या मानाने लहान, असं लिहून येणार. तोच आकडा इंटरग्रोथच्या चार्टवर टाकला तर बाळ दहाच्या वर बसतं. एका रिपोर्टने घरभर टेन्शन आणि दुसऱ्याने सगळं नॉर्मल, आणि पोटातलं बाळ मात्र तेच. म्हणून दोन सेंटरचे रिपोर्ट शेजारी ठेवून वजन घटलं की वाढलं ठरवायच्या आधी दोन्हीकडे चार्ट कुठला वापरलाय ते विचारा.

हॅडलॉक सगळ्यात जुना, 1991 चा, अमेरिकेत ह्यूस्टनला 392 गरोदर बायकांवर केलेला आणि त्या बहुतेक गोऱ्या मध्यमवर्गीय. आपल्या बायकांशी त्याचा काय संबंध असं वाटणं साहजिक आहे, पण बऱ्याच मशीनमध्ये तोच असतो आणि अमेरिकेतल्या सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिन या गरोदरपणातल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने 2020 साली सुद्धा हॅडलॉकसारखाच चार्ट वापरा असं सांगितलंय. त्याची रेष वर आहे त्यामुळे जास्त बाळं 'लहान' ठरतात. त्यात मुळातच चणीने बारीक पण ठणठणीत बाळंही येतात, आईला उगाच घोर लागतो, जादा स्कॅनचा खर्च होतो हे खरंच आहे.

इंटरग्रोथ-21 चे मापांचे चार्ट 2014 ला आले आणि वजनाचा 2017 ला, जगातल्या आठ ठिकाणी केलेला आणि त्यात आपलं नागपूर होतं. विचार असा की आई निरोगी असेल, खाणंपिणं नीट असेल तर बाळं जगात कुठेही साधारण सारखीच वाढतात, म्हणून बाळ कसं वाढायला हवं याचं एकच माप सगळ्यांना. मला हा विचार मनापासून पटतो. पण त्या अभ्यासात घेताना आईची उंची निदान 153 सेंटीमीटर हवी होती आणि भारतातल्या बायकांची सरासरीच 152 च्या आसपास आहे, तेव्हा नागपूर होतं म्हणून हा चार्ट आपल्या सगळ्यांना फिट्ट बसतो असं नाही. दुसरं म्हणजे वजन काढायचा यांचा फॉर्म्युलाही वेगळा आहे, फक्त डोक्याचा आणि पोटाचा घेर घेतात, मांडीचं हाड नाही. आणि रेष खाली असल्याने कमी बाळं पकडली जातात, शेवटच्या तिमाहीत मला याचीच जास्त काळजी वाटते.

डब्ल्यूएचओचा चार्ट 2017 चा, दहा देशांचा, भारतही त्यात होता. त्यांना उलट दिसलं, निरोगी बायकांमध्येही देशादेशात फरक पडतो, आईची उंची, वजन, कितवं बाळंतपण यानेही पडतो. त्यात मुलगा-मुलगी असे वेगळे तक्तेही आहेत पण आपल्याकडे गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा आहे त्यामुळे एकत्र तक्ताच वापरायचा, आणि तेच योग्य आहे.

ग्रो इंग्लंडमध्ये चालतो, आईची उंची, वजन, वंश, आधीची बाळंतपणं घालून प्रत्येकीचा वेगळा चार्ट निघतो. ऐकायला छान. पण आई लहानपणी पोटभर न मिळाल्यामुळे बुटकी राहिली असेल तर चार्ट तिच्या बाळाचं लहान असणंही नॉर्मल धरणार, हे मला आपल्याकडे खटकतं.

माझी निवड विचाराल तर हॅडलॉक नाहीतर डब्ल्यूएचओ, आणि जो घ्याल तो शेवटपर्यंत तोच. फक्त इंटरग्रोथवर नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अर्थात कुठलाही चार्ट घ्या, आठवडेच चुकीचे धरले तर सगळंच चुकतं, पाळीची तारीख नक्की आठवत नसेल तर 11 ते 14 आठवड्यांच्या स्कॅनवरून धरलेली तारीख पक्की समजायची. सोनोग्राफीच्या वजनात 10-15 टक्के इकडेतिकडे होतंच, म्हणून दोन ग्रोथ स्कॅनमध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या, चार दिवसांनी परत केलं तर मशीनचा फरकच वाढ म्हणून दिसेल.

लहान बाळ आणि वाढ खुंटलेलं बाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तो फरक एकटा चार्ट सांगत नाही. वजन किंवा पोटाचा घेर तीन पर्सेंटाइलच्या खाली असेल तर ते गंभीरच धरतात. तीन ते दहाच्या मधे असेल तर डॉप्लर बघतात, म्हणजे वारेकडून रक्त नीट येतंय का, आणि आधीच्या स्कॅनपेक्षा बाळ खाली घसरलंय का. आधी 50 वर असलेलं बाळ आता 12 वर आलं तर रिपोर्टवर 'नॉर्मल' असेल, तरी डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवून स्पष्ट विचारा. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर पर्सेंटाइल कितीही चांगली असो, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा.