अठराशे रुपयांचं कलम, जे कलमच नव्हतं

2019 च्या जूनमध्ये नागपूरच्या बेसा भागातलं घर बांधून झालं आणि मागे वीस बाय तीस फुटांची जागा उरली. तिथे फणस लावायचा हे बायकोने पाया खणतानाच ठरवून टाकलं होतं. तिचं माहेर कुडाळकडचं. मी पक्का नागपूरकर, माझ्यासाठी फणस म्हणजे पंगतीतली कोवळ्या फणसाची झणझणीत भाजी. पिकलेले गरे मी लग्नानंतर खाल्ले. तिची अट एकच होती, "कापा आणा. बरका आणलात तर तुमचा तुम्ही गिळा." कापा म्हणजे घट्ट, कुरकुरीत गऱ्याचा. बरका म्हणजे लिबलिबीत, दातांना कामच न देणारा.

मी आठवडाभर मोबाईलवर जाती वाचत बसलो आणि तिथेच फसायची तयारी झाली. व्हिएतनाम सुपर अर्ली, दीड-दोन वर्षांत फळ. थायलंडचा बिनचिकाचा. मलेशियाचा जे-33. या जाती खोट्या नाहीत. केरळात लोक हौसेने लावतात, त्यांना फळंही येतात. पण मी फक्त नावं पाठ केली. नाव पाठ असलेलं गिऱ्हाईक विकणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

एका मैदानावर चार दिवसांचं झाडांचं प्रदर्शन लागलं होतं. स्टॉलवरच्या माणसाला मी आपणहून विचारलं, "व्हिएतनाम सुपर अर्ली आहे का?" तो म्हणाला, "है ना सर, ग्राफ्टेड है. दो साल में फल." ग्राफ्टेड म्हणजे कलम, एका रोपावर दुसऱ्या झाडाची काडी बांधून केलेलं. दोन फुटांचं रोप, खोडाला वीतभर उंचीवर पांढरी प्लास्टिकची पट्टी, गळ्यात लालभडक गऱ्यांच्या फोटोचं लेबल. किंमत अठराशे. दोन घेतली. शेजारच्या नर्सरीवाल्याकडे आठळीचं, म्हणजे फणसाच्या बीपासूनचं, रोप शंभर-सव्वाशेला होतं, मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

रोपाची काही पानं तीन बोटांसारखी कापलेली होती. मी विचारलं, फणसाचं पान तर अखंड असतं ना भाऊ? "यही तो विदेशी वेरायटी की पहचान है." मी खूश होऊन त्या पानाचा फोटो काढला आणि मेहुण्याला पाठवला.

पहिल्या पावसाळ्यातच एक रोप गेलं. ती चूक माझी. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि फणसाला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. दुसरं मी उंचवट्यावर लावलं होतं, ते तगलं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हिरवी जाळी बांधायची, बुडाशी पालापाचोळा पसरायचा. लेकरासारखं जपलं. दोन वर्षं झाली, तीन झाली. झाड ताडमाड वाढलं, फळाचं नाव नाही. फोन केला तर "पानी ज्यादा दिया होगा". पुढच्या वेळी "पानी कम दिया होगा". मग फोनच बंद.

2023 च्या दिवाळीत कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक काका घरी आले. चहा बाजूला ठेवून ते झाडाशी उकिडवे बसले. ती पट्टी अजून तशीच होती, खोड फुगून प्लास्टिक सालीत रुतलेलं. त्यांनी चाकूच्या टोकाने ती हळूहळू सोडवली. खाली सालीवर एक तिरपी खूण होती, जुन्या जखमेसारखी, नखाएवढी खोल. बस. "जोड कुठे आहे बाप्पा याच्यात?" ते म्हणाले. खऱ्या कलमात खालचा खुंट वेगळा आणि वर बांधलेली काडी वेगळी. जोडावर तिरपी किंवा व्ही आकाराची रेघ असते, थोडी गाठ येते, बऱ्याचदा वरच्या-खालच्या सालीचा रंगही जुळत नाही. इथे एकच खोड बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ गेलेलं. आठळीच्या रोपाला ब्लेड मारून पट्टी गुंडाळली, की शंभराचे अठराशे.

आणि ती कापलेली पानं? मी फोटो दाखवला तसे ते हसायलाच लागले. फणसाच्या लहान, बियांच्या रोपाला अशी पानं येतात, मोठेपणी ती अखंड होतात. फळणाऱ्या झाडाची काडी बांधलेली असती तर वर सहसा अखंड पानंच दिसली असती. म्हणजे तो माणूस ज्याला ओळख म्हणत होता, तीच चोरीची खूण होती आणि मी तिचा फोटो काढून गावभर दाखवला होता.

आठळीचा फणस आईवर जाईल याचा भरवसा नाही, परागीभवन कुठल्या झाडाचं झालं कोण सांगणार. कापा की बरका, हे पहिलं फळ चिरल्यावरच कळायचं. त्यालाही सात-आठ वर्षं, कधी जास्तच.

पुढच्या वर्षी तसंच प्रदर्शन लागलं म्हणून मुद्दाम गेलो. स्टॉल वेगळा, माणूस वेगळा, पण तशीच पट्टी आणि तशीच तीन बोटांची पानं. लेबलवर मात्र आता "सिद्धू". ही जात बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तुमकुर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या झाडावरून पुढे आणली. तांबूस गऱ्याचं, साधारण अडीच किलोचं लहान फळ, घरच्या बागेला खरंच सोयीचं. मी पट्टी सोडून दाखवा म्हटलं. "पौधा मर जाएगा सर." परवाना विचारला, आपल्या राज्यात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी 1969 पासून कायदा आहे म्हणून. तेव्हा त्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक दिसलं.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, वकील मित्राला विचारलं. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. ती खरेदीपासून धरायची की पट्टी सोडली त्या दिवसापासून, यावर भांडता आलं असतं. पण माझ्याकडची पावती कच्ची. त्यावर "पौधा 2 नग, 3600" एवढंच. जात नाही, कलम हा शब्द नाही, पूर्ण पत्ता नाही. बायकोने ती घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे. मी काहीही खरेदी करून आलो की काढून दाखवते.

गेल्या पावसाळ्यात मेहुण्याने दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण प्रॉलिफिकचं कलम आणून दिलं. कापाच आहे. घेण्याआधी मी त्याला व्हिडीओ कॉलवर खोड तीनदा फिरवून दाखवायला लावलं. "दाजी, जोड दिसतोय, आता ठेवू का फोन?" असं तो वैतागून म्हणाला. मी म्हटलं, पान दाखव.