मोपा विमानतळ: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव (दाबोळीचं तिकीट असेल तर आधी वाचा)

गोव्यात दोन विमानतळ आहेत: उत्तरेला मोपा, दक्षिणेला दाबोळी. घर सावंतवाडीला, नोकरी हैदराबादला, त्यामुळे मोपा माझ्या नेहमीच्या वापरातला. परवा जे घडलं त्यानंतर लिहिणं भागच आहे.

बाबांचं आणि माझं तिकीट मोपाहून होतं. विमान कंपनीचा मेसेज आला: 'गोवा ते हैदराबाद, वेळेत बदल.' बदललेली वेळ सोयीची होती. विमानतळही बदलून दाबोळी केलाय, याचा त्यात उल्लेख नाही. मोपाच्या दारात जवानाने नवं तिकीट उघडायला लावलं आणि तीन अक्षरांवर बोट ठेवलं: जीओआय, म्हणजे दाबोळी. मोपाचा कोड जीओएक्स. मी तिथेच फोनवर तावातावाने बोलायला लागलो, तर बाबा म्हणाले, "पयली गाडी बघ, झगडो मागसून."

दोन्ही विमानतळांत हवाई अंतर जेमतेम 40 किलोमीटर, पण रस्त्याने 60-65. नकाशा दीड तास दाखवतो. धारगळ, कोलवाळ, म्हापसा झरझर मागे पडलं आणि पर्वरीत गाडी थांबली. उड्डाणपुलाचं काम चालू होतं. पुलाचा एकच खांब खिडकीशेजारी इतका वेळ होता की त्यावरचे सळयांचे गंजके ओघळसुद्धा मला पाठ झाले. मांडवी ओलांडल्यावर वेग आला. जुवारीवर पूर्वी लागायची ती रांग नव्या पुलामुळे उरलेली नाही, हे मात्र मोठं काम झालंय. कुठ्ठाळीला वळून दाबोळी गाठलं तेव्हा सामान घेणारा काउंटर बंद होण्याच्या बेतात होता. विमान मिळालं, पण टॅक्सीचे दोन हजारांवर गेले. भरपाई मागितली तर उत्तर आलं, "शहर बदललेलं नाही." दोन हजारांत बाबांची महिन्याची औषधं येतात. मी तक्रार सोडलेली नाही.

मोपाचं म्हणाल तर आमच्यासाठी वरदान आहे. 5 जानेवारी 2023 ला उड्डाणं सुरू झाली आणि सावंतवाडीहून विमानतळ पाऊण तासाच्या आत आला. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर आम्ही फार आशा ठेवली होती, पण तिथली मुंबईची सेवा सलग टिकली नाही. मोपाला स्वच्छता चांगली, रांगा हलत्या. खाणं महाग आहे, डबा घेऊन जा.

दाबोळी आता बंदच करावं, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. नौदलाचा तळ, एकच धावपट्टी, कशाला हवा दुसरा विमानतळ? मग दिवाळीत मडगावच्या मावशीला मोपाहून घरी सोडलं. अख्खा गोवा उत्तर-दक्षिण ओलांडावा लागला. गुडघेदुखीची बाई, वाटेत दोनदा उतरून उभी राहिली. तिच्या घरापासून दाबोळी तासाभरात येतं. त्या दिवसापासून मी ते मत सोडलं. दोन्ही विमानतळ राहायलाच हवेत. म्हणूनच तिकिटावर आणि मेसेजमध्ये नुसतं 'गोवा' चालणार नाही, 'मोपा' किंवा 'दाबोळी' असं ठळक लिहिलंच पाहिजे.

एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर मधे किमान पाच तास ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त. सामान कमी असेल तर मोपाहून कदंबाची (गोवा सरकारची) बस मिळते, टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त, पण दाबोळी गाठायला ती बदलावी लागू शकते. आणि स्वस्त भाडं दिसलं की आधी कोड बघा. दाबोळीचं तिकीट हजाराने स्वस्त असलं, तरी सावंतवाडीकरांना ते टॅक्सीसकट महागच पडतं.