ग्रास कटर चालू होत नाही : कार्ब्युरेटरला किट टाकावं की नवाच बसवावा?

जूनमध्ये पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की पुण्याजवळ पौड रस्त्याला किंवा पानशेतच्या बाजूला ज्यांचे प्लॉट आहेत त्यांचे ग्रास कटर माळ्यावरून खाली येतात. मशीन शेवटचं चाललेलं असतं दिवाळीनंतर, कुसळ वाळल्यावर, वणव्याच्या धास्तीनं कडेची पट्टी साफ करताना. मधले सहा-सात महिने टाकीत पेट्रोल तसंच पडून. मग दोरी ओढा, चोक लावा, चोक काढा, पुन्हा ओढा. ज्यांनी प्लग बदलून पाहिला, पेट्रोल ताजं घातलं, एअर फिल्टर धुतला आणि तरीही ज्यांचं मशीन गप्पच आहे, त्यांच्यापुढे शेवटी एकच प्रश्न उरतो : इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरला किट टाकायचं, म्हणजे आतले रबरी पडदे, सुई वगैरे बदलायचं, की सरळ नवा बसवायचा? मी दोन्ही केलंय. माझा कल कुठे आहे ते लपणार नाहीच, पण नव्या कार्ब्युरेटरची बाजूही खरी आहे.

खर्च करण्याआधी दोष कार्ब्युरेटरचाच आहे याची खात्री मात्र करा. प्लग काढून भोकातून पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणाचे चार थेंब आत सोडा, प्लग लावा, दोरी ओढा. मशीन क्षणभर भडकून बंद पडलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन ठीक आहे, पेट्रोल पोचत नाहीये. हूं की चूं नसेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नका; आधी बंद करायच्या स्विचची वायर कुठे बॉडीला टेकलीय का ते बघा. चालू होतं पण रेस घेत नाही, नुसतं गुरगुरतं, असं असेल तर सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी काढून पाहा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल सढळ हातानं टाकणाऱ्यांची ती जाळी काजळीनं बुजलेली असते आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर आळ येतो.

रबरी बल्बही फसवतो. तो दाबला की पेट्रोलनं भरतो, म्हणून माणूस म्हणतो, ‘पेट्रोल तर येतंय.’ बऱ्याच मशीनवर हा बल्ब टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरमधून ओढून परत टाकीतच सोडतो. त्यानं आतली हवा निघते, बाकी काही नाही. इंजिन फिरताना पेट्रोल ओढायचं काम आतल्या पातळ पडद्याचं असतं, आणि तो कडक झाला की बल्ब काठोकाठ भरलेला पण मशीन बंद, असं होतं. बल्ब भरतच नसेल तर बहुधा नळी चिरलेली असते, टाकीतला फिल्टर तुंबलेला असतो किंवा बल्बच फाटलेला असतो. ते काम स्वस्तातलं आहे.

चोक लावल्यावर चालू होतं आणि चोक काढला की मरतं, हे डायफ्राम, म्हणजे तोच पातळ पडदा, गेल्याचं नेहमीचं लक्षण. मोटारसायकलसारखा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा गोळा) इथे नसतो, कारण मशीन तिरकं-आडवं कसंही धरावं लागतं. त्याऐवजी दोन पडदे असतात. एक क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या पोटातल्या) दाबाच्या ठोक्यांवर फडफडतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो; दुसरा एका चिमुकल्या लिव्हरला ढकलून पेट्रोल आत सोडणारी सुई उघडतो. हे पडदे लवचिक आहेत तोवर सगळं ठीक. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं, आणि टाकीतला फिल्टरही नेमका तळाशीच लोळत असतो. टू-स्ट्रोकमध्ये तर त्या तळच्या थरात ऑइलही नसतं. फोर-स्ट्रोकवाल्यांनी फार खूश होऊ नये. होंडाच्या जीएक्स 35 सारख्या छोट्या इंजिनावरही डायफ्रामचाच कार्ब्युरेटर असतो.

आता निवड. नाना पेठ, भवानी पेठेपासून मार्केट यार्डापर्यंत कुठल्याही दुकानात जा, काउंटरवरचा मुलगा एकच सांगतो, ‘काका, किटच्या नादी लागू नका, अख्खा टाका. दहा मिनिटांचं काम.’ आणि दहा मिनिटांचं त्याचं म्हणणं खोटं नाही. दोन नट, दोन नळ्या, एक अ‍ॅक्सिलेटरची केबल, झालं. नकली म्हणा किंवा ‘कंपॅटिबल’ म्हणा, असा कार्ब्युरेटर काही शे रुपयांत मिळतो. अस्सल घ्यायला गेलात तर आकडा ऐकून माणूस मशीनच नवीन घ्यावं का याचा विचार करू लागतो, म्हणून अस्सल नव्या कार्ब्युरेटरची चर्चा इथे करत नाही. परवडत असेल तर जरूर घ्या, प्रश्नच मिटला.

तर मी आधी तो स्वस्तातला नवा टाकला. घरी गच्चीवर दोरी ओढली तर मशीन पहिल्या काही झटक्यांतच फुर्र झालं. इतकं सहज चालू झालेलं मी ते नवं असतानाही पाहिलं नव्हतं. थंड मशीन चालू करायची स्पर्धा लावली तर नवा कार्ब्युरेटर किटला हरवेल, हे मी आजही मान्य करतो.

घोळ झाला प्लॉटवर. सकाळी मशीन चालू, एक टाकी निवांत चालली. टाकी संपत आली म्हणून बंद केलं, बांधाच्या कडेला उन्हात टेकवलं, चहा घेतला. परत दोरी ओढली तर काही नाही. चोक लावून नाही, चोक न लावता नाही. प्लग काढला तर चिंब. मग प्लग पुसायचा, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून, चोक उघडा ठेवून प्लगशिवाय दोरी ओढत राहायची, आतलं पेट्रोल उडवायचं, प्लग लावायचा, पुन्हा ओढायची. एकदाचं धुराचा लोट सोडून चालू व्हायचं. पुढच्या टाकीला परत तेच.

गरम मशीन परत चालू न होणं या एका त्रासानं माझा निकाल लावला. गच्चीवर किंवा दुकानाच्या दारात हा दोष दिसतच नाही. तिथे कोणी पूर्ण टाकी चालवून, उन्हात ठेवून, परत ओढून बघत नाही. तो दिसतो उतारावर, पाठीला पट्टा, डोळ्यांवर घामानं ओघळलेला चष्मा, हाताला मुंग्या, आणि आजूबाजूला अर्धं कापलेलं गाजर गवत. (या गवताकडे देशात पहिल्यांदा लक्ष गेलं ते आपल्या पुण्यातच, 1950च्या दशकात. अभिमान बाळगावा असं काही नाही. त्याचा रस अंगावर उडाला तर कित्येकांना खाज सुटते, म्हणून त्यात उभं राहून दोरी ओढत बसणं नको वाटतं.) प्लॉटवर मदतीला येणारे मामा एकच वाक्य बोलले, ‘सायेब, हे गरम झालं का रुसतंय बघा.’ पुढच्या वेळी ते स्वतःचं खुरपं आणि विळा घेऊन आले. मशीनबद्दलचं त्यांचं मत त्यात आलं.

असं का होत असावं, याचा माझा अंदाज असा. टाकीच्या झडपेतून हवा आत येते, सहजी बाहेर जात नाही. उन्हात आणि इंजिनाच्या उष्णतेनं पेट्रोल तापलं की टाकीत दाब वाढतो. कार्ब्युरेटरमधली सुई आणि तिची स्प्रिंग नेमक्या ताकदीची असेल तर ती तो दाब अडवते. स्प्रिंग मऊ असेल किंवा सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल पाझरत इंजिनात उतरतं. माझ्या नव्या कार्ब्युरेटरची सुई बहुधा अशीच ढिली होती. दुसऱ्या एखाद्याची उत्तम निघेलही. पण पाकिटावरून ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा आपण गावापासून लांब असतो.

ट्यूनिंगचा त्रास वेगळाच. नव्या कार्ब्युरेटरचे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे लो आणि हाय स्क्रू बरेचदा साध्या स्क्रू ड्रायव्हरला दादच देत नाहीत. डोक्याचा आकार मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, त्याला खास ड्रायव्हर लागतो. आयडलिंग (रेस न देता चालण्याचा वेग) मात्र सगळ्यांवर सेट करता येतं, आणि ते करायलाच हवं. हात सोडल्यावरही चक्री फिरत राहिली तर ते धोक्याचं आहे.

शेवटी जुना कार्ब्युरेटर डब्यातून बाहेर काढला. तो टाकून दिला नव्हता हे बरं. बॉडीवर अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात : वालब्रो कंपनीचा असेल तर डब्ल्यूटी किंवा डब्ल्यूवायएल वगैरे, झामाचा असेल तर सी1क्यू, सी1यू. किट त्या नंबरवर मिळतं, मशीनच्या मॉडेलवर मागितलं की गोंधळ होतो. वालब्रोच्या ‘डी’ किटमध्ये फक्त पडदे आणि पॅकिंग येतात. ‘के’ किटमध्ये सुई, लिव्हर, स्प्रिंग, बारीक जाळीसुद्धा. झामाकडे तेच ‘जीएनडी’ आणि ‘आरबी’. किमतीतला फरक फार नसतो, तेव्हा मोठंच घ्या. दुखणं बहुतेकदा सुईपाशी असतं आणि छोट्या किटमध्ये नेमकी सुईच नसते.

काम किचकट आहे, हे खरं. खाली परात घ्या, नाहीतर ती स्प्रिंग उडून फरशीवर जाईल आणि संध्याकाळ तिला शोधण्यात. उघडताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. सुईकडच्या बाजूला आधी पॅकिंग, मग पडदा. पंपाच्या, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पडद्याच्या बाजूला उलट, बॉडीला लागून पडदा आणि वर पॅकिंग. माझ्या पाहण्यातल्या वालब्रो आणि झामाला हाच क्रम होता, तरी भरवसा स्वतःच्या फोटोवर ठेवा. क्लीनरचा स्प्रे मारायचा तो सगळं रबर काढून झाल्यावरच. भोकांत तार खुपसू नका. भोक वाढलं की मिश्रणाचं गणित कायमचं बिघडतं. लिव्हरची उंची जुन्यासारखीच राहू द्या. ती वर राहिली तर पेट्रोल जास्त, खाली गेली तर कमी. वालब्रोची आणि झामाची उंची सारखी नसते, त्यामुळे एकाची युक्ती दुसऱ्याला लागू पडत नाही.

पंप डायफ्राम काढून जुना आणि नवा बोटांत धरून वाकवून पाहिले. नवा दुधाच्या सायीसारखा मऊ, जुना कडकडीत. त्या क्षणी माझं मत बरंचसं पक्कं झालं. बॉडी तीच, भोकं तीच, स्क्रू कारखान्यात ज्या जागी बसवले होते त्याच जागी. इंजिनाशी तिचा मेळ आधीच जमलेला. बिघडलं होतं ते फक्त रबर. किट टाकल्यावर थंड मशीनला नव्या कार्ब्युरेटरपेक्षा थोडं जास्त ओढावं लागतं, हे आहेच. पण टाकी संपली, चहा झाला, परत ओढलं की चालू होतं. मला तेवढंच हवं होतं.

आता नव्याची बाजू. जुनी बॉडी उघडल्यावर आत पांढरी पूड दिसली, ॲल्युमिनियम खवलेलं असेल, तर किट म्हणजे पैसे पाण्यात; नवा घ्या. बिनब्रँडची 52 सीसीची स्वस्त मशीनं आहेत, त्यांचा मूळचा कार्ब्युरेटर आणि बाजारातला नवा यांत मला फारसा फरक जाणवलेला नाही. तिथे किटचा खटाटोप करण्यात काय अर्थ? सोसायटीचं मशीन असेल, माळी वेगवेगळे येत असतील आणि उघडायला-जोडायला कोणाला वेळ नसेल, तरी नवाच बरा. ज्यांना बारीक काम दिसत नाही किंवा आवडत नाही त्यांनीही उगाच मनाला लावून घेऊ नये. फक्त नवा बसवताना इंजिन आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला काळा ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पॅकिंग जागेवर आहेत ना, आणि पॅकिंगचं दाबाचं बारीक भोक बॉडीच्या भोकासमोर येतंय ना, हे बघा. ठोकळा उष्णता अडवतो आणि भोक पंप चालवतं. यातलं काही चुकलं तर कार्ब्युरेटर कितीही चांगला असो, उपयोग नाही. बसवून झालं की लगेच प्लॉटवर पळू नका. घराखालीच एक टाकी पूर्ण चालवा, मशीन उन्हात ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी परत ओढा. तेव्हाही फुर्र झालं तर तुमच्या नशिबी चांगली सुई आली, माझं सगळं म्हणणं विसरा.

दोन्हीपैकी काहीही केलंत तरी टाकीतला फिल्टर आणि पेट्रोलची नळी त्याच वेळी बदला. जुन्या नळीतून सुटून आलेले काळे कण नव्या सुईखाली अडकतात. दिवाळीनंतरचं काम झालं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आणि जुना कार्ब्युरेटर दुकानदाराला देऊ नका. तो सवयीनं हात पुढे करतो, ‘काका, हा असू द्या इकडे’ म्हणतो. घरी आणा, कोरडा करून डब्यात ठेवा.