ओला चुना की गरम मेण?

घरी खललेल्या रंगांनी रोमन पद्धतीचं चित्र काढायचं तर दोन वाटा आहेत: पॉम्पेईच्या भिंतींसारखा ओल्या चुन्यावरचा फ्रेस्को, किंवा इजिप्तमधल्या फायूमच्या व्यक्तिचित्रांसारखं लाकडी फळीवरचं मेणकाम.

फ्रेस्कोत रंग नुसत्या पाण्यात कालवतात. डिंक नाही, सरस नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. म्हणून गेरू, पिवळी माती, इजिप्शियन निळा असे चुन्याला पुरून उरणारेच रंग घ्यावेत. हिंगूळ उन्हात काळवंडतो, हे प्राचीन रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनेही लिहून ठेवलंय. खरी मेहनत गिलाव्याची: त्याच्या मते वाळू-चुन्याचे तीन थर, वर संगमरवराच्या पुडीचे तीन. आणि तो सुकायच्या आत हात उरकायला हवा.

मेणकामात रंग वितळलेल्या मेणात घोटून गरमच लावतात. मेण साधारण 63 अंशांना वितळतं, त्यामुळे फटकारा लगेच थिजतो. पण बिघडला तर तापवून सारखा करता येतो. चुन्यात भरवशाचा नसलेला मंजिष्ठेचा गुलाबीही इथे चालतो. डोळ्यांतली चमक तर मेणातच खुलते.

नवशिक्याने मेण घ्यावं. मला विचाराल तर फ्रेस्कोच: स्वतः खललेल्या गेरूचा कस चुन्यावरच कळतो.