सीएनसी राउटरला कॉम्प्युटर कोणता: जुना डेस्कटॉप, लॅपटॉप की रास्पबेरी पाय?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा घेऊन नवीन सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन) बसवणारा हमखास विचारतो, "आय-फाइव्ह चालेल ना, की आय-सेव्हन घेऊ?" मशीनने कुठे, किती सरकायचं ते सांगणारा जी-कोड म्हणजे साधी मजकुराची फाइल, ती वाचायला आय-सेव्हन लागत नाही. आधी एवढंच ठरवा: मोटर फिरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला पल्स (एक पल्स म्हणजे मोटरचं एक छोटं पाऊल) कोण देणार, कॉम्प्युटर की बोर्ड?

बोर्ड देणार असेल, म्हणजे अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल हा मोटरी चालवणारा प्रोग्राम वगैरे, तर कॉम्प्युटरचं काम फक्त यूएसबीवरून एकेक ओळ पुढे सरकवण्याचं. त्याला जुना कोर टू ड्युओसुद्धा पुरतो. पण बोर्डाची मर्यादा बघून घ्या. ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा), मोटर फेऱ्याला २०० स्टेपची, ड्रायव्हर १/८ वर (एका स्टेपचे आठ भाग), तर एका मिलिमीटरला ३२० पल्स झाले. मिनिटाला ५००० मिमी पळवायचं म्हणजे सेकंदाला जवळपास २६,७०० पल्स. जीआरबीएल उनोवर ३०,००० च्या आसपास थांबतं. म्हणजे बसतं, पण काठावर.

पल्स कॉम्प्युटरनेच द्यायच्या असतील तर हिशोब वेगळा. मॅक-३ हे विंडोजवरचं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टवरून (जुन्या कॉम्प्युटरच्या मागचं २५ पिनांचं पोर्ट) चालवायचं तर ३२-बिट विंडोज लागतं, तेही विंडोज ७ पर्यंतचंच. त्यावरही मॅकची नेहमीची सेकंदाला २५,००० पल्सची सेटिंग वरच्या उदाहरणाला अपुरी पडते, ३५,००० वर न्यावी लागते. ज्याच्याकडे मॅकचं लायसन्स आणि चालू मशीन आहे त्याने ते सुखाने वापरावं. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी त्या वाटेला पाठवणार नाही.

लिनक्ससीएनसी हे लिनक्सवर चालणारं तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याला प्रोसेसर किती वेगवान याच्याशी देणंघेणं नाही. तो वेळ किती काटेकोर पाळतो ते महत्त्वाचं. पेनड्राइव्हवर लिनक्ससीएनसी टाकून न्या, दुकानातच बूट करा, त्यातली लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटरची वेळ किती चुकते ते मोजणारी) लावा. टेस्ट चालू असताना खिडक्या इकडेतिकडे ओढा, मोठी फाइल कॉपीला टाका, व्हिडिओ लावा, आणि 'मॅक्स जिटर'चा (सर्वात मोठ्या चुकीचा) आकडा बघत बसा. १५-२० हजार नॅनोसेकंदांच्या आत राहिला तर पोर्टवरून झकास चालेल. ३०-५० हजार असेल तर मशीन चालेल, पण वेग कमी ठेवावा लागेल. लाखाच्या वर गेला तर पोर्टवरून पल्स द्यायला तो डबा नको. दिसायला अगदी सारख्या दोन कॉम्प्युटरांचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे मॉडेलचं नाव ऐकून पैसे देऊ नका. हायपरथ्रेडिंग आणि सी-स्टेट्स (प्रोसेसरची वीजबचत) बायोसमधून बंद केले की आकडा बऱ्याचदा खाली येतो, तेवढी एक संधी द्या.

आता लॅपटॉप. घरात पडून आहे म्हणून लोक तोच लावतात, मीही लावला होता. देव्हाऱ्याची जाळी कापायला लावली, दोनेक तास झाले होते, चहाला बाहेर गेलो. परत आलो तर स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) एकाच जागी गरगरतोय, सागवानावर काळा ठिपका आणि धूर. लॅपटॉप झोपी गेला होता. जीआरबीएलला पुढची ओळ आली नाही की मोटरी थांबतात, स्पिंडल नाही. डेस्कटॉपवरही स्लीप, यूएसबीची वीजबचत आणि विंडोज अपडेट बंद करावंच लागतं, पण लॅपटॉपचं पॉवर मॅनेजमेंट फार खोलवर मुरलेलं असतं. लेटन्सी टेस्टमध्येही तो तिथेच मार खातो.

रास्पबेरी पाय जीआरबीएलला ओळी पाठवायला छान: सीएनसीजेएस हा ओळी पाठवणारा प्रोग्राम टाका, मोबाइलच्या ब्राउझरवरून चालवा. बंद डब्यात मावतो, एमडीएफचा भुसा खात नाही. पण अचानक लाइट गेली की एसडी कार्ड बिघडू शकतं, छोटा यूपीएस हवाच. शिवाय त्याला प्रिंटर पोर्ट नाही. लिनक्ससीएनसी धड चालवायचं तर सहसा पल्स देणारं मेसासारखं वेगळं बोर्ड घ्यावं लागतं, आणि मग 'स्वस्त' हा शब्द विसरा.

मशीनसोबत हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर आला असेल तर गाळ्यात कॉम्प्युटरच लागत नाही. डिझाइन घरी, फाइल पेनड्राइव्हवर.

माझा कौल ऑफिसातून निघालेल्या डेस्कटॉपला. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि सहाव्या पिढीपर्यंतचे इंटेल विंडोज ११ च्या यादीत नाहीत. आपल्या कामाला ते भरपूर आहेत. हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. प्रिंटर पोर्ट नसेल तर पीसीआय-एक्स्प्रेसचं कार्ड मिळतं. उरलेल्या पैशात आधी अर्थिंग करून घ्या, मग जाळीचं आवरण असलेली (शील्डेड), फेराइट लावलेली आखूड यूएसबी केबल घ्या. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हच्या विद्युत गोंगाटामुळे यूएसबीचं कनेक्शन तुटतं तेव्हा दोष कॉम्प्युटरचा नसतो.

खरेदीला दादरला गाडी बदलून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा ठाण्यातच बघा, पेनड्राइव्ह खिशात हवा. दुकानदार तो लावू देत नसेल तर शेजारच्या दुकानात शिरा.