घडीची लाइट बॉक्स आणि घरातली भांडी: स्टॉक फोटोंसाठी वर्षभर वापरल्यानंतरचा अभिप्राय

स्टॉक फोटो म्हणजे एका ठरावीक ग्राहकासाठी न काढता, ज्याला हवा त्याने विकत घेऊन वापरावा अशा हिशेबाने काढून संकेतस्थळावर ठेवलेला फोटो. पाककृतीच्या पानावरचा खलबत्ता, बचतीच्या जाहिरातीतली नाण्यांची चळत, औषधाच्या माहितीपत्रकातला पाण्याचा पेला, हे फोटो पुष्कळदा असेच आलेले असतात. गेले वर्षभर मी डोंबिवलीच्या घरात रोजच्या वापरातल्या वस्तूंचे असे फोटो काढत आहे आणि त्यासाठी मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून 60 सेंटिमीटरची, घडी होणारी लाइट बॉक्स, म्हणजे वस्तू आत ठेवून फोटो काढायची दिवे लावलेली पेटी, 2,400 रुपयांना आणली. पेटीवरचे नाव मी देत नाही, कारण हुबेहूब अशाच पेट्या निरनिराळ्या नावांनी विकल्या जातात, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या सगळ्यांनाच लागू पडावे अशी त्यांची बांधणी आहे.

चौकोनी सपाट पिशवीतून पेटी बाहेर काढली की तिच्या बाजू वेल्क्रोने एकमेकींना जोडायच्या, एवढेच काम असते. आतून चंदेरी अस्तर आहे, छताला एलईडीच्या दोन पट्ट्या आहेत, प्रकाश कमी-जास्त करण्याचे बटण अडॅप्टरच्या वायरवरच आहे. समोरच्या पडद्याला आणि छताला कॅमेऱ्याच्या भिंगापुरते झरोके ठेवले आहेत, आणि पार्श्वभूमीसाठी पांढरा, काळा, राखाडी आणि नारिंगी असे चार प्लास्टिकचे पडदे सोबत मिळतात. उभी करायला पाच मिनिटे लागतात आणि काम झाले की ती कपाटाच्या मागे सरकवता येते. दोन खोल्यांच्या घरात हा गुण वाटतो त्याहून मोठा आहे.

पेटी येण्याआधी मी खिडकीच्या उजेडात काम करत असे. तो उजेड सुंदर असतो यात शंका नाही, पण तो आपल्या हातात नसतो. मागच्या पावसाळ्यात गोड्या मसाल्याच्या जिनसांची मालिका काढायला घेतली तेव्हा धणे आणि शहाजिरे उन्हात निघाले, दगडफूल आणि नागकेशर ढगाखाली निघाले, आणि चारही फोटो शेजारी ठेवले तर ते चार निरनिराळ्या घरांतले वाटत होते. एखाद्या मसालेविक्रेत्याला किंवा मासिकाला अशी मालिका हवी असेल तर तिचा प्रकाश, सावली आणि पार्श्वभूमीची पांढरी छटा एकसारखी असावी लागते. ते काम ही पेटी चोख करते. रात्री साडेनऊला काढलेले जायफळ आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काढलेले तिरफळ एका माळेतले दिसतात. विशेषतः कोरड्या, न चमकणाऱ्या वस्तूंवर हा प्रकाश फार चांगला पडतो: दगडफुलाच्या सुरकुतलेल्या राखी कडा, उकललेल्या तिरफळाच्या टरफलावरचे बारीक खरबरीत दाणे आणि आत अडकून राहिलेली एखादी काळीभोर बी, हे सारे काहीही वेगळे न करता स्पष्ट आले.

फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी लागते. कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम उजळ आहे असे धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्या पडद्यावरची वस्तू त्याच्या हवाली केली तर पडदा मळकट राखाडी येतो. मी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 100, भिंगाचे छिद्र एफ 11 आणि एक्स्पोजर दीड स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून, तिवईवरून, दोन सेकंदांच्या टायमरने फोटो काढते. घरातल्या वस्तू हलत नाहीत, त्यामुळे शटर कितीही सावकाश चालले तरी बिघडत नाही, आणि आयएसओ कमी राहिल्यामुळे फोटोत दाणेदारपणा येत नाही. संकेतस्थळाच्या तपासणीत फोटो नाकारले जाण्याचे दाणेदारपणा हे एक नेहमीचे कारण आहे.

पेटीची खरी परीक्षा मात्र पितळेच्या तांब्याने घेतली. चिंचेने घासून, धुऊन, चष्म्याच्या कापडाने कोरडा केलेला आजीचा तांब्या आत ठेवला आणि फोटो संगणकावर मोठा करून पाहिला, तर त्याच्या खांद्यावर एलईडीचे ठिपके मोत्यांच्या दोन सरांसारखे ओळीने उमटले होते, पोटावर समोरच्या झरोक्याचा काळा चौकोन होता आणि त्या चौकोनात माझा कॅमेरा. जाहिरातीत पेटीतला प्रकाश ‘मऊ’ असल्याचे म्हटले होते. बाकीच्या वस्तूंपुरते ते खरे आहे, पण चकचकीत धातू प्रकाश नव्हे तर प्रकाशाचा उगम दाखवतो, आणि इथे उगम म्हणजे उघडे दिवे. पट्ट्यांखाली चार बोटे अंतर ठेवून बटर पेपर ताणून लावल्यावर ते ठिपके विरघळून एकच रुंद, सौम्य पट्टा झाला आणि तांब्याची गोलाई पहिल्यांदा नीट दिसली. उजेड थोडा घटतो, पण शटर तेवढे लांबवले की भरून निघते. हा कागद कारखान्यातच बसवून दिला असता तर पेटीची किंमत फार वाढली नसती, आणि तो न देणे ही या पेटीतली सर्वांत मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टीलच्या वाटीची अडचण याच्या उलट होती. चारी बाजूंनी पांढरे आणि चंदेरी असल्यामुळे वाटीने सगळे पांढरेच टिपले आणि तिची कड पार्श्वभूमीत हरवून गेली. वाटी आहे हे आतल्या सावलीवरूनच ओळखावे लागत होते. काचेच्या पेल्याचेही तेच झाले. यावर जुना आणि सोपा उपाय आहे: चौकटीच्या जेमतेम बाहेर, वस्तूच्या डाव्या-उजव्या अंगाला काळ्या कार्डाच्या दोन-दोन इंचांच्या पट्ट्या उभ्या करायच्या. त्यांचे प्रतिबिंब कडेवर बारीक काळ्या रेघेसारखे उमटते आणि वस्तू पांढऱ्यावरून उठून दिसते. ज्यांना स्टीलची भांडी किंवा काच टिपायची आहे त्यांनी बटर पेपर आणि काळे कार्ड हे पेटीचेच भाग समजून आणावेत.

रंगांबाबत पेटीचा दावा मला पटला नाही. वेष्टनावर रंगनिष्ठेचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा, आकडा 100 पैकी 95 छापलेला आहे. सामान्य पांढऱ्या एलईडीत निळ्या दिव्यावर पिवळा लेप असतो आणि त्यात लाल प्रकाश कमी पडतो, त्यामुळे असा आकडा वाचण्यापेक्षा तपासून पाहणे बरे. मी हळद, कुंकू आणि सुकी बेडगी मिरची अशा तीन वाट्या ठेवून पाहिल्या. हळदीवर किंचित हिरवी झाक आली, ती राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स घेतल्यावर, म्हणजे रंगहीन राखाडी कोणता हे कॅमेऱ्याला दाखवून रंग जुळवल्यावर, गेली. कुंकू मात्र विटकरी राहिले आणि मिरचीचा गर्द लाल रंग नंतर संगणकावर हाताने परत आणावा लागला. तांबड्या वस्तूंसाठी मी अजूनही खिडकीकडेच जाते. दुसरा दोष बटणाचा आहे: प्रकाश निम्म्यावर आणला की दिवे डोळ्यांना न जाणवणाऱ्या वेगाने लुकलुकतात आणि मोबाइलच्या फोटोत आडवे पट्टे उमटतात. त्यामुळे बटण पूर्ण उघडे ठेवून उजेड कागदानेच कमी करावा.

साठ सेंटिमीटर हे मापही ऐकायला मोठे वाटते, वापरताना तसे राहत नाही. स्टॉक फोटो विकत घेणारा बहुधा त्यावर मजकूर टाकणार असतो, म्हणून वस्तू एका अंगाला ठेवून उरलेली जागा मोकळी सोडावी लागते. अडकित्ता, करंजीचे कातणे किंवा मोदकाचा साचा यांना अशी जागा आरामात मिळते. पोळपाट ठेवला की मात्र दोन्ही बाजूंना पेटीच्या शिवणी दिसू लागतात, आणि परात तर सोडूनच द्यावी. पांढरा पडदा गुंडाळून आला होता, त्याच्या वळ्या सपाट व्हायला आठवडाभर गादीखाली ठेवावा लागला. चौथ्या महिन्यात एक पट्टी बंद पडली, तेव्हा पावतीवर हमीचा उल्लेख नाही म्हणून दुकानदाराने ती बदलून दिली नाही. जवळच्या विजेच्या सामानाच्या दुकानातून 12 व्होल्टची पट्टी आणून डकवली, ती व्यवस्थित चालते.

जे पेटीला करता येत नाही त्याचाही विचार विकत घेण्याआधी करावा, कारण फोटो विकला जाणे न जाणे बरेचसे तिथेच ठरते. मी फोटो ॲडोबी स्टॉक या स्टॉक फोटो विकणाऱ्या संकेतस्थळावर ठेवते. तिथे किमान 4 मेगापिक्सेलचा जेपीईजी लागतो, म्हणजे साध्या 12 मेगापिक्सेलच्या मोबाइलचाही फोटो दोन तृतीयांशापर्यंत छाटला तरी चालून जातो, आणि विक्रीतले 33 टक्के काढणाऱ्याला मिळतात. फोटोत व्यापारी नाव किंवा चिन्ह असलेले चालत नाही, म्हणून कुकर, काडेपेटी, बिस्किटाचा पुडा या वस्तू आपोआप बाद होतात. आपल्याकडे यात आणखी एक अडचण असते. आमच्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर लग्नात, मुंजीत किंवा वास्तुशांतीला देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि पेटीतल्या सपाट, भरपूर प्रकाशात ती अगदी तारखेसकट वाचता येतात. जिव्हाळ्याची ती अक्षरे अशा फोटोत येता कामा नयेत. भांडे फिरवून ठेवावे, आणि नाव काठावरच असेल तर दुसरे भांडे घ्यावे.

ग्राहकाला फोटो सापडावा म्हणून त्याला जोडायचे शोधशब्द 49 पर्यंत देता येतात आणि त्यांतल्या पहिल्या दहांना सर्वाधिक महत्त्व असते. चमचा, सफरचंद, पेन्सिल यांचे पांढऱ्यावरचे फोटो तिथे इतके आहेत की माझा एकही विकला गेला नाही. पितळी सोऱ्या, शेवेच्या आणि चकलीच्या चकत्या समोर मांडून, थोड्या तिरप्या प्रकाशात काढला तो मात्र पुन्हा पुन्हा घेतला गेला. त्याला ‘चकली’बरोबर ‘मुरुक्कू’ हा शब्दही दिला होता, कारण दक्षिणेकडचा ग्राहक त्याच नावाने शोधणार. विळीलाही तसेच बंगालीतले ‘बोंटी’ हे नाव जोडले. आपल्या घरात ज्या वस्तूला जे नाव आहे ते, शेजारच्या प्रांतात आहे ते आणि इंग्रजीत तिचे काम सांगणारे, अशी तिन्ही नावे वस्तू आत ठेवण्याआधीच कागदावर लिहून काढावीत. त्यामुळे कोणता भाग ठळक दिसायला हवा हेही आपसूक ठरते. सोऱ्याच्या बाबतीत मला ते असेच सुचले आणि मी चकत्या बाहेर काढून मांडल्या.

मसाले, लाकडी वस्तू, मातीची बोळकी, सुती कापड, धान्य आणि हाताच्या पंजाएवढी भांडी काढणाऱ्याला ही पेटी मी निःशंकपणे सुचवेन. मोठी भांडी किंवा पूर्ण वाढलेले ताट काढायचे असेल तर त्याच पैशांत दोन थर्माकोलच्या पाट्या, एक पांढरा चार्ट पेपर आणि चांगली तिवई घेऊन खिडकीपाशी बसावे. पेटी घ्यायला जाताना स्टीलचे फुलपात्र बरोबर न्यावे. दुकानातच ते आत ठेवून, बटण निम्म्यावर आणून मोबाइलने एक फोटो काढावा: दिव्यांचे ठिपके किती विखुरलेले आहेत आणि आडवे पट्टे येतात का, हे दोन्ही तिथल्या तिथे दिसते. पावतीवर हमीचे महिनेही त्याच वेळी लिहून घ्यावेत.